मागे बसलेला गिटारवाला

बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह असो की मुलुंडचं कालिदास, जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमात गिटारवादक बसतो गायकाच्या मागे, कीबोर्डच्या शेजारी. अंतऱ्याआधीचा तुकडा तो वाजवतो, टाळ्या गायक घेतो. गिटारमध्ये स्वतंत्र मैफल पेलण्याचा दम नाही, म्हणून ही बैठक ठरली असं आपण धरून चालतो. मला ती निव्वळ सवय वाटते. अमान्सियो डिसिल्वाची कारकीर्दच पाहा. १९३६ साली मुंबईत जन्मलेला हा गोवेकर जॅझ गिटारवादक. आश्रय लाभला तो जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींचा. नाव झालं ते लंडनला गेल्यावर. १९६९ साली त्याची ‘इंटिग्रेशन’ ही तबकडी आली आणि त्याच वर्षी जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्याबरोबरची ‘हम दोनो’.

तबकड्या लंडनच्या, वाद्य परदेशी, मग हा आपला कसा, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर ‘हम दोनो’च्या वादकांच्या यादीतच आहे. सॅक्सोफोन, फ्लुगलहॉर्न, बास, ड्रम आणि एका गायिकेचा शब्दांविना आवाज. सतार नाही, तबला नाही. भारतीय रंग आणायचा तर सतार हवीच, असं मानणाऱ्या त्या काळात हे काम एकट्या गिटारवर सोपवलेलं होतं. त्याच्या एका रचनेचं नावच मुंबईतल्या रस्त्यावरून ठेवलेलं आहे. गोवा, जयपूर, गंगा हीसुद्धा त्याच्या रचनांची नावं. एवढं असून आपल्याकडे त्याचं नाव निघतं ते जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांत.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही: नुसती गिटार ऐकायला तिकीट कोण काढणार? पण पेटीबद्दलही हेच म्हणता आलं असतं. तीही युरोपातून आली, १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, आणि तिची जागा कायम गायकाच्या बाजूला. तरी गोविंदराव पटवर्धनांची एकल पेटी मराठी माणसाने कान देऊन ऐकली, कारण संगीत नाटकांतल्या साथीतून ते बोट त्याच्या ओळखीचं झालं होतं. उपनगरातल्या श्रोत्याला गिटारचे तुकडे तसेच तोंडपाठ आहेत; ‘अलबेला’ चित्रपटाच्या काळापासून संगीतकार सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेटसारख्या गोवेकर जॅझवाल्यांच्या मदतीने त्याचे कान तयार केले आहेत. संपूर्ण मैफलीचा धोका आयोजकांना नको असेल तर समजू शकतो. मध्यंतरानंतर निवेदकाने वीस मिनिटं गप्प बसावं आणि ती गिटारवाल्याला द्यावीत. दोन गाणी कमी झाली म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागायला येणार नाही.