गळ त्यांचा, खवले आमचे

सुट्टीच्या दिवशी सिद्धेश्वर धरणाच्या काठावर किंवा ईसापूरच्या बॅकवॉटरला एक चक्कर मारून या. झाडाखाली मोटारसायकलींची रांग दिसेल. बांबूच्या काठ्या, तंगूस, गळ, डब्यात ओल्या मातीत ठेवलेली गांडुळं, कणकेचे गोळे. बाप आहेत, मामा आहेत, चुलते आहेत, दोस्त आहेत, आठ-नऊ वर्षांची पोरंसुद्धा आहेत. बासी ईदला तर गर्दी विचारूच नका. संध्याकाळी हेच लोक घरी येऊन सांगतात, "घरचे सगळे गेलो होतो धरणावर."

घरचे सगळे? मग घरी कोण होतं?

माझं भांडण मासे धरण्याशी नाही. उलट आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला परवडेल अशी दुसरी करमणूक फारशी नाही. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर, तिकडे पैनगंगेवर ईसापूर. एवढं पाणी जवळ असताना माणसांनी तिथं जाऊन बसावं, हे चांगलंच आहे. भांडण आहे ते वाटणीशी. किनारा पुरुषांचा आणि मोरी बायकांची, ही वाटणी कुणी केली?

दिवस मावळताना पिशवी घरात येते. बहुतेक वेळा मासे साफ केलेले नसतात. रोहू-मृगळ असतील तर खवले काढायचे, चिलापी असेल तर काट्यांनी बोटं सोलून घ्यायची. शिंगीच्या कल्ल्याजवळच्या काट्यात विष असतं, तो टोचला की हात तासन्‌तास ठणकतो. वाम आणि मरळ हातातून निसटतात म्हणून राख लावून धरायचे. पोट फाडताना पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, नाहीतर सगळं सालन कडू होतं. मग हळद-मीठ, चिंच, मसाला, भाकरी. पाहुणे जेवतात आणि कौतुक कुणाचं होतं? ज्यानं पकडला त्याचं. मासा केवढा होता हे दोन्ही हात पसरून तोच सांगतो.

खरं तर त्या घरात मासा सगळ्यात जास्त कळतो तो साफ करणारीला. कुठला ताजा, कुठला उन्हात तापलेला, कुठल्याच्या पोटात गाभोळी आहे, हे ती हात लावून सांगते. फक्त तो जिवंत असताना पाण्यात कसा दिसतो, हे तिनं पाहिलेलं नसतं.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. सुट्टीतल्या एखाद्या दिवसावर निबंध लिहायला सांगितला की मुलांच्या वह्यांत तळं येतं, गळ येतो, हातातून सुटलेला मोठा मासा येतो. मुलींच्या वह्यांत मसाला येतो. एकाच घरातले, एकाच दिवसावर लिहिणारे भाऊ-बहीण दोन वेगळ्या दिवसांविषयी लिहितात. भाषेची शिक्षिका म्हणून सांगते, यात मुलींची कल्पनाशक्ती कमी पडत नाही. जे पाहिलंच नाही ते त्या लिहिणार कशा? मरळीची लाल पिल्लं पाण्यावर थव्यानं फिरतात आणि मोठी मरळ खाली राहून त्यांची राखण करते, हे एकदा पाहिलेलं पोर जन्मभर विसरत नाही. ते पाहायची मुभा पोराला आहे, पोरीला नाही.

हे फक्त आपल्याच घरात आहे असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०२४चा अहवाल सांगतो की जगात मासे पकडणाऱ्या आणि पाळणाऱ्यांमध्ये बायका २४ टक्के आहेत, आणि त्यानंतरच्या प्रक्रियेच्या कामात ६२ टक्के. म्हणजे पाण्याजवळ बाई कमी आणि चाकूजवळ जास्त. आपली मोरी त्याच हिशेबाची छोटी प्रत आहे.

आता नेहमीची उत्तरं घेऊ.

पहिलं उत्तर: "त्यांना आवडच नसते." विचारलंय कधी? गळ टाकून बसणं म्हणजे काय असतं? तीन-चार तास काही न करणं. सावलीत बसायचं, पाण्याकडे बघायचं, गप्पा मारायच्या, मासा लागला तर लागला. ही फुरसत आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ मध्ये आलं. बाईला घराबाहेर थांबायचं असेल तर काहीतरी काम दाखवावं लागतं, हे त्यांनी मुंबईच्या संदर्भात मांडलं. आपल्याकडे वेगळं काय आहे? बाजार, दवाखाना, लग्न, मयत, फार तर कळमनुरीच्या दर्ग्याला मन्नत. एवढ्या कारणांसाठी बाई बाहेर पडू शकते. नुसतं बसायला नाही. तेव्हा नाकारला जातो तो मासा नव्हे, नाकारली जाते फुरसत.

दुसरं उत्तर: "तिथलं वातावरण चांगलं नसतं." बरोबर आहे. बाटल्या फुटलेल्या असतात, शिव्या चालू असतात. पण हे वातावरण कुणी केलं? तिथं बायका नव्हत्या, मग बिघडवलं कुणी? ज्यांनी घाण केली त्यांना मोकळीक आणि ज्यांनी केली नाही त्यांना बंदी, हा कुठला न्याय? आई, बहीण, मुलगी शेजारी बसलेली असेल तर निम्म्या बाटल्या घरातूनच निघणार नाहीत.

तिसरं उत्तर: "पाणी धोक्याचं आहे." पाणी धोक्याचं आहेच. गळ टाकायला गेलेली पोरंही बुडतात. पण धुणं धुवायला तळ्यावर गेलेल्या मायलेकी बुडाल्याच्या बातम्या मराठवाड्यात आपण वाचत आलो आहोत. कपड्यांचं गाठोडं डोक्यावर असेल तेव्हा पाण्याचा धोका कुणाला आठवत नाही. गळ हातात घेतला की लगेच आठवतो. धोक्यावरचा इलाज घरात कोंडणं नाही, पोहायला शिकवणं आहे. दरवाजांच्या खाली बसायचं नाही, पाणी सुटणार असेल तेव्हा नदीच्या पात्रात उतरायचं नाही, निसरड्या दगडांवर जायचं नाही. हे नियम मुलालाही शिकवायचे आणि मुलीलाही.

चौथं उत्तर सगळ्यात शेवटी काढलं जातं, कारण त्यापुढे कुणी बोलू नये अशी अपेक्षा असते: "आपल्या दीनमध्ये बसत नाही." मग दीनचंच बोलू. पाण्यातली शिकार इहरामच्या हालतीतही हलाल असल्याचं सूरह माइदामध्ये सांगितलं आहे. इहराम पुरुष बांधतात आणि बायकाही बांधतात. माशाला जबिहा लागत नाही. आणि जिथं लागतो तिथंही बाईच्या हातचा जबिहा चालतो. कळप राखणाऱ्या एका दासीनं मरणाला टेकलेली बकरी धारदार दगडानं जबह केली आणि प्रेषितांनी (स.) ती खायला परवानगी दिली, ही रिवायत बुखारीत आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी प्रेषितांनी (स.) धावण्याची शर्यत लावल्याचं अबू दाऊदमध्ये आहे. ज्यांच्या सुन्नतीचा दाखला देऊन बायकांना घरी बसवता, ते स्वतः बायकोबरोबर मोकळ्यावर धावत होते. पर्दा कपड्यांत असतो, नजरेत असतो. बुरखा घालून गळ टाकता येत नाही असं मला कुणी दाखवून द्यावं.

आणि "मासे मारणं बायकांचं कामच नाही" असं म्हणणाऱ्यांनी आठवडी बाजारात जरा वेळ उभं राहावं. टोपली घेऊन बसलेल्या भोई समाजाच्या बायका पाहाव्यात. वजन, भाव, कापणं, गिऱ्हाइकाशी हुज्जत, सगळं त्या करतात. त्यांच्याकडून मासे घेताना आपल्याला कधी संकोच वाटला नाही. सरकारनं २०२० मध्ये सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के अनुदान आहे आणि महिलांना ६० टक्के. उद्या आपल्यातलाही कुणी शेतात तळं खोदेल आणि जास्त अनुदानासाठी अर्जावर बायकोचं नाव घालेल. तेव्हा माहौल आड येणार नाही, पर्दाही आड येणार नाही. सहीपुरती बाई तळ्याची मालकीण आणि तळ्यावर जायला मात्र मनाई, असं होऊ द्यायचं नसेल तर तिची पाण्याशी ओळख आजच करून द्यावी लागेल.

मला काय हवंय ते साधं आहे. पुढच्या वेळी धरणावर जाल तेव्हा घरातल्या बायका-मुलींना सोबत न्या. त्यांना चूल मांडायला नेऊ नका, गळ टाकायला न्या. नाहीतर मोरीतलं काम तळ्याकाठी हलवल्यासारखं होईल. तलावातली मासेमारी मच्छीमार संस्थांना ठेक्यानं दिलेली असते, त्यांना विचारा, त्यांच्या जाळ्यांपासून लांब बसा. ज्यानं मासा पकडला त्यानंच तो साफ करायचा, हा नियम घरात करा. मुलगा दहा वर्षांचा असेल तर खवले काढायला त्याला शिकवा, आणि मुलगी दहाची असेल तर गळाला गांडूळ लावायला. आणि जे पुढारी निवडणुकीत पर्यटनाच्या गोष्टी करतात, त्यांना एक प्रश्न विचारा: तलावाकाठी बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे? ते नसेल तर ती जागा सगळ्यांसाठी आहे असं म्हणू नका.

"पुढच्या वर्षी बघू" हे मला ऐकायचं नाही. मुली चौदा-पंधराच्या झाल्या की त्यांचं अंगणही लहान होत जातं, हे मी वर्गात बघते. नववीतल्या मुलीसाठी पुढचं वर्ष म्हणजे दहावी, त्याच्या पुढचं वर्ष म्हणजे अनेकींच्या लग्नाची बोलणी. तिला तळ्याकाठची एक दुपार द्यायची असेल तर ती येत्या ईदलाच द्या. आणि संध्याकाळी आलेले मासे सगळ्यांनी मिळून साफ करा. मग खुशाल सांगा, घरचे सगळे गेलो होतो.