कँटीनचा स्टीमर ट्रिप होतोय? ‘डायरेक्ट’ करण्याआधी हे वाचा

चिकलठाणा : जालना रोडवरच्या चिकलठाणा एमआयडीसीत शिफ्ट सुटली की पहिली गर्दी होते ती कँटीनला. भात, डाळ, इडली असं शेकडो माणसांचं जेवण एका वेळी काढायचं, तर वाफेवरचे मोठे कुकर लागतात. करमाड, शेंद्रा पट्ट्यातल्या अनेक घरांतली माणसं इथे कामाला येतात. म्हणून हा कुकर बिघडला की प्रश्न फक्त जेवणाला उशीर होण्याचा राहत नाही. ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी काम करणाऱ्या माणसाच्या जिवाचा होतो.

येत्या काळात असे कुकर वाढतील. १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० पेक्षा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी कँटीनची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत हा आकडा १०० वर आला असून त्यात कंत्राटी कामगारही मोजले जातात. म्हणजे छोट्या कारखान्यांतही भटारखाने उभे राहणार. गावाकडची मंगल कार्यालयं आणि वसतिगृहं यांनाही हाच विषय लागू आहे.

ट्रिप नेमकं काय होतंय?

बहुतेक ठिकाणी पहिली गल्लत इथेच होते. एमसीबी वायरला वाचवतो, ईएलसीबी माणसाला. नऊ किलोवॅटच्या थ्री फेज कुकरमध्ये तीन-तीन किलोवॅटचे तीन हीटर असतील, तर प्रत्येक फेजवर साधारण १३ अँपिअर करंट जातो. त्यासाठी १६ अँपिअरचा एमसीबी लावला, आणि अर्धा अँपिअर करंट भांड्याच्या पत्र्यातून माणसाच्या अंगात उतरला, तर एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणूस मात्र तेवढ्यात दगावू शकतो. ईएलसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच सप्लाय तोडतो. म्हणून ‘सारखा पडतो, काढून टाका, डायरेक्ट करा’ हा सल्ला जीवघेणा आहे.

बिघाड कुठे शोधायचा?

ईएलसीबी चालू करताच पडला, किंवा कुकर तापल्यावर दहा मिनिटांनी पडला, तर संशय हीटरवर घ्यावा. हीटरच्या नळीला चीर गेली किंवा टर्मिनलवर वाफ साचली की गळती होते. बरेच दिवस बंद राहिलेल्या कुकरचा हीटरही आतून ओल धरतो. मेन बंद करून एकेक हीटर सोडवायचा आणि मेगरने तपासायचा, म्हणजे खराब कोणता ते कळतं.

वाफ धरायला नेहमीपेक्षा फार वेळ लागत असेल, तर एक फेज गेलेला असू शकतो. व्होल्टेज कमी असेल तरी हेच होतं. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले, तर हीटरची ताकद जवळपास एक तृतीयांश घटते. अशा वेळी दोष कुकरचा नसतो. तक्रार महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर करावी.

एमसीबी काही वेळाने पडत असेल आणि वायरचं टोक काळं पडलं असेल, तर जोड ढिला आहे. मोठा एमसीबी टाकून तो बरा होत नाही, उलट वायर जळते.

पाणी भरलेलं असूनही हीटर सुरूच होत नसेल, तर पाण्याची पातळी ओळखणारी सळई पाहावी. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर तिच्यावर बसला की मशीनला पाणी दिसतच नाही. तोच थर हीटरवर बसला तर हीटर आतल्या आत तापून जळतो. रोज पाणी काढून टाकणं आणि ठराविक दिवसांनी थर साफ करणं हे नवा हीटर घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

जास्त तापल्यावर बंद करणारा थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा दाबून चालू करू नये. तो का पडला, ते आधी शोधावं.

जबाबदारी कोणाची?

कँटीन ठेकेदाराला दिलं तरी ते पुरवण्याची कायदेशीर जबाबदारी कारखान्याच्या मालकाचीच राहते. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६१ नुसार विजेमुळे कोणी दगावलं किंवा जखमी झालं तर विद्युत निरीक्षकाला कळवावं लागतं. अडचण अशी की बारीकसा शॉक बसला तर कोणी बोलत नाही. काम जाईल ही भीती असते. पण भांड्याला हात लावताच झिणझिण्या येणं हीच पहिली सूचना असते. तेव्हाच मेन बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावं. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकलं जातंय का, तेही विचारावं.

आयटीआय झालेल्या गावच्या पोरांसाठी यात रोजगार आहे. अट एकच, ‘डायरेक्ट करून देतो’ असं म्हणणारा नव्हे, तर मेगर घेऊन येणारा वायरमन व्हायचं.