पाठ टाचणातली कविता

बी.एड. किती वर्षांचे असावे, याची चर्चा आपल्याकडे हिरिरीने होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनी एक वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि त्यात वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता घातली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम पुढे आणला आणि पदव्युत्तर पदवीधारकांसाठी एक वर्षाच्या बी.एड.ची वाटही खुली ठेवली. या सगळ्या हिशेबात एक प्रश्न राहूनच जातो. माध्यमिक शाळेत मराठी शिकवू पाहणारा तरुण मुलांबरोबर कविता वाचायला नेमके कुठे शिकतो?

एम.ए.ला, असे मराठी विभागातून उत्तर येते. ते अर्धेच खरे आहे. एम.ए.ला तो कवितेविषयीची मते शिकतो. चौदा वर्षांच्या मुलापुढे ती कविता ठेवल्यावर काय घडेल, हा प्रश्न तिथे अप्रतिष्ठेचा मानला जातो. पुढे बी.एड.ला त्याच्या हाती येते पाठ टाचण. त्यात हर्बार्टची म्हणून ओळखली जाणारी पंचपदी असते (ती पाच पायऱ्यांत बसवली त्याच्या अनुयायांनी, पण ते असो), उद्दिष्टे असतात, स्पष्टीकरणे असतात आणि गाभाघटकांचा रकानाही असतो. १९८६च्या धोरणातील दहांपैकी कोणता गाभाघटक या कवितेत 'आढळतो', हे शोधण्यात छात्राध्यापकाची संध्याकाळ जाते. पावसाच्या कवितेत पर्यावरण संरक्षण सापडले की सुटका.

मग प्रत्यक्ष पाठ. 'पाऊस कोणत्या ऋतूत पडतो?' मुले एका सुरात उत्तर देतात आणि हेतुकथन होते, 'आज आपण पावसावरची कविता अभ्यासणार आहोत.' कवीने ओळखीचा पाऊस मोठ्या कष्टाने अनोळखी केलेला असतो. प्रस्तावना दोन मिनिटांत त्याला पुन्हा भूगोलाच्या पुस्तकात नेऊन बसवते. मागच्या बाकावरचे निरीक्षक फलकलेखन, चेतक बदल आणि घड्याळ पाहतात. ते स्वतः मराठीचेच असतील असेही नाही. एखाद्या मुलीने विचारले की, ही ओळ अशी मध्येच का तोडली, तर त्या प्रश्नाला टाचणात रकाना नसतो.

साचा टाकाऊच असतो, असे मी म्हणणार नाही. साठ मुलांसमोर प्रथमच उभ्या राहणाऱ्याला हाताशी काही आधार लागतो. परंतु हाच साचा पुढे विद्यार्थ्याच्या उत्तरातही उतरतो. दहावीच्या कृतिपत्रिकेतले रसग्रहण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन खणांत लिहिले जाते. हे खण चुकीचे नाहीत, पण कविता न वाचताही ते भरता येतात. आणि असे भरणारे विद्यार्थी पुढे आपल्याच वर्गात येतात.

विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे ज्ञान यांच्या सांध्यावर एक तिसरेच ज्ञान असते, हे ली शुलमन यांनी १९८६ साली मांडले. आपल्या बी.एड.मध्येही 'आशययुक्त अध्यापन' हे नाव रुळलेले आहे. दुर्दैवाने व्यवहारात त्याचे झाले पाठ्यपुस्तकाचे घटकवार तक्ते.

म्हणून माझे म्हणणे बी.एड. महाविद्यालयांपेक्षा मराठी विभागांना उद्देशून आहे. एक वर्षाचे बी.एड. खरोखर सुरू झाले, तर त्यात येणारे एम.ए. झालेले विद्यार्थी आपलेच असतील, आणि त्या एका वर्षात साहित्यवाचनाला वेळ मिळण्याची शक्यता कमीच. एम.ए.च्या शेवटच्या सत्रात एक अभ्यासपत्रिका अशी असावी की विद्यार्थ्याने एकच कविता घेऊन जवळच्या शाळेतल्या नववीच्या वर्गात चार तासिका बसावे. टाचण नको. मुलांनी काय विचारले, कुठे ती गप्प झाली, कोणता अर्थ त्यांनी काढला आणि तो कवितेत कुठे टिकतो वा टिकत नाही, एवढे त्याने लिहून आणावे. ते लिखाण समीक्षा म्हणूनच तपासावे, आणि तपासणाऱ्या प्राध्यापकाने त्यांतल्या निदान एका तासिकेला त्याच वर्गात बसलेले असावे.