विश्लेषण : खाणीतून निघणाऱ्या मिथेनचा हिशेब का चुकतो?

भूमिगत कोळसा खाणीत मिथेनचा धोका दुहेरी आहे. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की स्फोटाला एक ठिणगी पुरते. अमेरिकेतील अपर बिग ब्रँच खाणीत एप्रिल २०१० मध्ये पेटलेल्या मिथेनने कोळशाच्या धुळीचा भडका उडवला. २९ कामगार दगावले. हाच वायू वातावरणात गेला तर २० वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो.

बोअरहोल कशासाठी?

लाँगवॉल पद्धतीत यंत्र कोळसा कापत पुढे सरकते आणि मागचे छत कोसळते. त्या ढिगाऱ्याच्या भागाला ‘गोफ’ म्हणतात. तेथे साठलेला मिथेन कामगारांपर्यंत पोहोचू नये म्हणून जमिनीवरून बोअरहोल घेऊन तो बाहेर ओढला जातो.

मोजमाप कुठे फसते?

किती मिथेन निघाला हे काढण्यासाठी प्रवाह आणि वायूतील मिथेनचे प्रमाण, असे दोन्ही आकडे लागतात. पाइपातील दाबाच्या फरकावरून प्रवाह काढताना वायूची घनताही माहीत असावी लागते. शून्य अंशाला हवेची घनता घनमीटरला १.२९ किलो, तर मिथेनची ०.७२ किलो. गोफमध्ये हवा शिरली की मिश्रण बदलते. मिथेन ९० टक्के गृहीत धरला आणि प्रत्यक्षात तो ५० टक्केच असला, तर प्रवाह सुमारे १४ टक्के जास्त दिसतो आणि मिथेनचा एकूण आकडा दुपटीवर जातो. त्यात बाष्प आणि धुळीने नळ्या तुंबतात. हवेचा दाब उतरला की गोफमधून जास्त वायू बाहेर पडतो. मग अधूनमधून घेतलेला एखादा नमुना खरे चित्र कसे दाखवणार?

उपाय काय?

प्रवाह, मिथेनचे प्रमाण, तापमान आणि दाब यांची एकाच वेळी, सतत नोंद. अल्ट्रासॉनिक मीटर आणि इन्फ्रारेड सेन्सर हे काम करू शकतात. मात्र त्यांची वेळोवेळी तपासणी हवी. युरोपीय महासंघाने २०२४ च्या नियमनात भूमिगत खाणींच्या वायुविजन कूपांवर सतत मोजमाप बंधनकारक केले आहे. भारतात खाणींचे तीन वर्ग टनामागे निघणाऱ्या वायूवर ठरतात. दहा घनमीटरहून अधिक असल्यास खाण तिसऱ्या, सर्वाधिक धोक्याच्या वर्गात जाते. हा आकडाच कच्चा असेल, तर सुरक्षेचे नियमही कच्च्या पायावर उभे राहतात. मीटरचा खर्च खाणीला परवडेल. चुकीच्या आकड्याची किंमत मात्र खाली उतरणारा कामगार मोजतो.