शाळेचा उतारा काढताना आधी जमीन विचारा

जिल्ह्यातल्या बैठकांना हिंडताना एक वाक्य आम्ही गावोगाव ऐकतो : "झेडपीच्या शाळेत आता काही राम राहिला नाही." बोलणारा बहुधा तो असतो, ज्याचा पोरगा सकाळी पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जातो. त्याला आम्ही दोष देत नाही. बापाने पोराचे भले पाहायचे नाही तर कोणी पाहायचे? पण तो पुढे पुरावा म्हणून सहावी ते आठवीचे गुण सांगू लागतो, तेव्हा मात्र आम्हाला अडवावे लागते.

शेतकीच्या शिक्षणात आम्हाला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. दोन वाणांची तुलना करायची तर जमीन, ओल आणि पेरणीची तारीख सारखी पाहिजे. भारी ओलिताच्या वावरातला कापूस आणि बरडावरचा कोरडवाहू कापूस शेजारी ठेवून "हे बियाणे चांगले, ते वाईट" म्हणणाऱ्याला तुम्ही बांधावरून हाकलून द्याल. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरचे उतारे दाखवून आपल्याला आळशी ठरवणाऱ्या साहेबांशी आपण जन्मभर भांडलो. मग शाळेच्या बाबतीत तेच साहेबी गणित आपण डोळे मिटून का मान्य करतो?

हिशेब करून पाहा. समजा, सातवीत चाळीस मुले आहेत. दहांना ८० गुण पडतात, तिसांना ४५. वर्गाची सरासरी ५४ च्या आसपास येते. पुढच्या वर्षी ती दहा मुले कॉन्व्हेंटला गेली. उरलेल्या तिसांना पुन्हा ४५ च पडले, तरी सरासरी ४५ वर आली. एकही पोर कमी शिकले नाही, मास्तराने एक तासही बुडवला नाही, पण कागदावर शाळा नऊ गुणांनी घसरली. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र माल एका आडत्याकडे न्यायचा, कवडी दुसऱ्याकडे, आणि मग दुसऱ्याच्या दुकानाला नावे ठेवायची, त्यातली ही गत.

आज गावच्या सातवी-आठवीत बसते कोण, हे एकदा आत जाऊन पाहा. मजुरांची मुले. सालदाराची पोरगी. पारध्यांच्या बेड्यावरची दोन-चार पोरे. दोन-तीन एकर कोरडवाहू असलेल्या आपल्याच भावांची मुले. मुली जास्त, कारण ज्या घरात एकाच पोराची फी भरता येते, त्या घरात गाडी मुलाला मिळते आणि झेडपी मुलीला. ही गोष्ट आमच्या कार्यकर्त्यांच्या घरातही घडते. ज्याची आई दहावी शिकलेली आहे, ज्याच्या घरी संध्याकाळी कोणी पाढे म्हणून घेते, ते पोर आधीच गेलेले असते. कॉन्व्हेंटचा निकाल म्हणून जो मिरवला जातो, त्यात शाळेचा वाटा किती आणि आईचा किती, हे कोणी वेगळे काढून दाखवले आहे का?

एका शाळेत आम्ही हजेरीपट चाळायला मागितला. मुख्याध्यापकांनी जरा कुरकुर केली, पण दिला. आषाढ-श्रावणात पट भरलेला. दसरा उलटला, बोंडे फुटली, आणि पानोपानी गैरहजेरीच्या खुणा. सहावीपेक्षा आठवीत जास्त, कारण आठवीतल्या पोराचा हात वेचणीला चालतो. त्यातली कित्येक मुले दिवाळीच्या सुटीनंतर सरळ संक्रांतीलाच उगवलेली.

शिक्षण हक्क कायद्यात (२००९) सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस शाळा धरली आहे. वेचणीपायी पन्नास दिवस गेले, तर तीन वर्षांत दीडशे दिवस गेले. म्हणजे ते पोर आठवी संपवते तेव्हा शिकलेले असते सव्वादोन वर्षांपेक्षा थोडे जास्त. अपूर्णांक आणि बीजगणिताची सुरुवात नेमकी त्या गेलेल्या दिवसांत झालेली असते. पुढे त्याला गणितात गती नाही म्हणायचे.

पोर वेचायला का जाते? आई-बापाला शिक्षणाची किंमत कळत नाही म्हणून, असे शहरातले विद्वान सांगतात. आपण आपला हिशेब मांडू. वेचणी किलोला दहा रुपये धरली तरी क्विंटलला हजार रुपये हातावेगळे होतात. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये जाहीर झाला. त्यातून बी, खत, फवारणी, निंदण, गाडीभाडे वजा करा. त्यात खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून माल परत आला, की व्यापारी म्हणेल तो भाव. हजार रुपये मजुरी वाचवायला घरचीच माणसे वावरात उतरतात, आणि त्यात बारा वर्षांचे पोरही असते. मजुराच्या घरी तर ते पोर किलोवर कमावतेच. कापसाचा भाव पाडून सरकार जे वाचवते, त्यातला काही भाग सातवीच्या गणिताच्या तासातून वसूल झालेला असतो.

पण एवढे सांगून मास्तरांची सुटका करायची नाही. "पोरेच तशी, आई-बाप अडाणी, आम्ही काय करणार?" असे हात झटकणारे मास्तर आम्ही पाहिले आहेत. जमीन हलकी आहे म्हणून खत कमी टाकणारा शेतकरी पाहिला आहे का कोणी? हलक्या जमिनीला जास्त जपावे लागते, आणि आधी माती तपासावी लागते. कोणत्या पोराला जूनमध्ये काय येत होते आणि मार्चमध्ये काय येते, हा खरा उतारा. तो काढायला मोठा साहेब लागत नाही. दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्या, तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला सांगा. 'असर'चे लोक २००५ पासून देशभर खेड्यांत जवळपास हेच करत आले आहेत.

शिवाय मास्तरही पुरेसे हवेत. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्र यांना निदान एकेक शिक्षक हवा, असे कायदाच म्हणतो. पण संचमान्यतेच्या १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष असा घातला, की या वर्गांचा पट वीसच्या खाली गेला तर पदच मिळू नये. म्हणजे सधनांची पोरे गेली, पट घसरला, पट घसरला म्हणून मास्तर गेला, आणि मास्तर गेला म्हणून उरलेल्यांनी तीन-चार किलोमीटर पायी जायचे. मुलगे जातील. आठवीतली पोरगी किती दिवस जाईल, ते घरोघरच्या आयांना विचारा.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या कामी येतो, ही त्यांची तक्रार होती. आज त्यांनी आपल्या तालुक्याचा फेरफटका मारला असता, तर त्यांना फार काही नवे लिहावे लागले नसते.

आपल्यातलेच काही जण म्हणतात, सरकारी शाळा बंद करा, पालकाच्या हाती पैसे द्या, तो बाजारात शाळा निवडेल. बाजाराचे आम्हाला वावडे नाही, ते तुम्ही जाणता. पण ज्या गावात पट पंधरा आहे, तिथे दुकान थाटायला कोण येणार आहे? कापसाला गावात दुसरा आडत्या नसला की काय होते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

तेव्हा जिल्हा बैठकीपुढे आमचे म्हणणे असे आहे. शाळेचे वार्षिक वेळापत्रक ठरवण्याचा अधिकार शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाला आहे. कापूस पट्ट्यातल्या शाळांच्या सुट्या मुंबई-पुण्याच्या सोयीने न ठेवता वेचणीचा जोर पाहून ठेवाव्यात, आणि बुडालेले दिवस उन्हाळ्यापूर्वी भरून काढावेत, हा ठराव जिल्हा परिषदेकडे जाऊ द्या. सहावी ते आठवीचे वर्ग पटाच्या आकड्यावर मोडू नयेत, हा दुसरा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत. तुमच्या गावात ती समिती कागदावर आहे की खरी बसते, ते पाहून या.

आणखी एक, कारण कोणी सांगत नाही. आठवीच्या मुलांसाठी आर्थिक दुर्बल घटकांची शिष्यवृत्ती परीक्षा असते, तिला एन.एम.एम.एस. म्हणतात. सरकारी, झेडपीच्या किंवा अनुदानित शाळेतले पोर आणि घरचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, असे असले तर ते बसू शकते. सातवीत ५५ टक्के लागतात, मागासवर्गीयांना त्यात सवलत आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. कॉन्व्हेंटच्या पोराला ती नाही.

बैठकीला येताना आपल्या शाळेच्या सहावी, सातवी, आठवीच्या हजेरीचे महिनावार आकडे कागदावर उतरवून आणा. जुलै आणि नोव्हेंबर शेजारी शेजारी लिहा. मुलींचा आकडा वेगळा लिहा.