भिडेवाड्याचे स्मारक होईल, भवानी पेठेतल्या शाळेचे काय?



सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये याचिका फेटाळली, डिसेंबरमध्ये पोलीस बंदोबस्तात भिडेवाडा पाडला गेला आणि १८४८ च्या मुलींच्या शाळेच्या जागी राष्ट्रीय स्मारकाचा मार्ग मोकळा झाला. आपण आनंद केला, तो रास्तच होता. वर्षानुवर्षांचा लढा होता तो. पण तिथून चालत जाता येईल अशा भवानी, नाना, गंज, घोरपडे पेठांतल्या आणि कासेवाडी, लोहियानगरातल्या मुलांच्या शाळेबद्दल आपल्यापैकी किती जण बोलतात?

फुले दाम्पत्य एका वाड्यावर थांबले नव्हते. बुधवार, रास्ता, वेताळ अशा पेठापेठांत त्यांनी शाळा नेल्या, मांग-महारांच्या मुलांसाठी वेगळ्या काढल्या. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. किशोरवयातली एक मातंग मुलगी धर्मालाच जाब विचारते, हे घराजवळच्या शाळेने घडवले. पुढे महर्षी शिंद्यांनी अस्पृश्य मुलांसाठी अहिल्याश्रम उभारला तोही नाना पेठेतच.

त्याच काळात सदाशिव, नारायण, शनिवार पेठांत ज्या शाळा उभ्या राहिल्या, त्यांना इमारती, देणग्या, माजी विद्यार्थी सगळे मिळाले. पूर्वेकडच्या वस्त्यांचा मुख्य आधार राहिली ती महापालिकेची शाळा. पुण्यात पेठ सांगितली की जात कळायची. शाळेचे नाव सांगितले तरी आज वेगळे काय होते?

आता ताजा अनुभव. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के जागा देण्याची गरज नाही. दाट वस्तीच्या शहरात याचा अर्थ उघड आहे. गरिबाचे पोर गरिबांच्याच शाळेत. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये हा बदल रद्द केला, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. जिंकलो, ठीक. पण सरकारने पळवाट म्हणून वापरली ती आपलीच महापालिकेची शाळा, हे विसरता येत नाही. ज्या शाळेकडे स्वतः लक्ष द्यायचे नाही, तीच दाखवून दुसरे दार बंद करायचे!

आणि २५ टक्क्यांचे दार तरी किती जणांसाठी उघडते? वस्तीत फॉर्म भरून देताना दरवर्षी तेच होते. जातीचा दाखला असतो, मूल हुशार असते, पण घर भाड्याचे, आणि घरमालक नोंदणीकृत करार करून देत नाही. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून अर्ज बाद. मग आई बचत गटातून कर्ज काढून गल्लीतल्या 'इंग्लिश मीडियम'मध्ये फी भरते. तिथल्या बाईंना किती इंग्रजी येते ते विचारायची सोय नसते.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात आकडा मांडला होता: प्राथमिक शाळेत गेलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात ती फक्त १८. दारूच्या करातून जितके घेता तितके तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. ते फक्त प्रवेशाबद्दल भांडले नाहीत, पैशाबद्दल भांडले. आपण मात्र नोकरी लागली की पहिले पोरांना पालिकेच्या शाळेतून काढतो आणि मग ३ जानेवारीला तिथेच वह्या वाटायला जातो. वह्या वाटू नका असे नाही. पण तिथले शिक्षक किती, वर्ग किती, स्वच्छतागृहाला पाणी आहे का, हे त्या दिवशी कोणी विचारते का?

विचारण्याचा अधिकार कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, निम्म्या महिला. बऱ्याच ठिकाणी ही समिती कागदावर असते, सह्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर होतात. या जूनमध्ये आपापल्या वस्तीतल्या शाळेची समिती कोणाची आहे ते बघा, शेवटची बैठक कधी झाली ते इतिवृत्तात वाचा, आणि विहारातल्या चार आयांना सोबत घेऊन पुढच्या बैठकीला बसा. बजेटच्या आधी नगरसेवकाकडे निवेदन घेऊन जायचे असेल तर ते याच समितीच्या नावाने जाऊ द्या.