‘आता मी वाचत नाही’ असं वाटतं तेव्हा

वस्तीत तपासणीला गेलो की बायका ही गोष्ट सगळ्यात शेवटी सांगतात. रक्तदाब मोजून होतो, गोळ्या घेऊन होतात, मग दाराशी थांबून हळूच : “ताई, रात्री जाग येते, डोळे उघडे असतात, पण हात हलत नाही. ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही. छातीवर कोणीतरी बसलेलं असतं. वाटतं, आता मी वाचत नाही.” पुरुषही सांगतात, पण ‘आमच्या एका मित्राला होतं’ म्हणून.

हे हळूच का सांगावं लागतं? कारण आपण बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. देव गेले, श्राद्ध-पिंड गेले, त्यांच्यामागून मुंजा आणि हडळही घराबाहेर पडली. मग छातीवर बसतं ते कोण, हे विचारायची सोय उरली नाही. विचारलं तर घरातलेच म्हणतात, “जयभीमवाली असून भुताला घाबरतेस?” ती गप्प होते आणि कोणाला न सांगता भगताकडून अंगारा आणते. आमचं मत स्पष्ट आहे : तिला हसणाऱ्यांनीच तिला भगताच्या दारात पाठवलं. भूत नसतं, हे खरंच. पण मग तिला झालं ते काय, हेही कोणीतरी सांगायला हवं.

ज्या झोपेत स्वप्नं पडतात, त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो. नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरोखरच उठून पळाला असता. कधी कधी मन आधी जागं होतं आणि अंग सैलच राहतं. स्वप्नाचा तुकडा अजून डोळ्यांपुढे असतो, म्हणून सावली दिसते, खोलीत कोणी असल्यासारखं वाटतं. श्वास चालूच असतो, पण मनासारखा ओढता येत नाही, म्हणून छाती दाबल्यासारखी वाटते. काही सेकंद, नाहीतर काही मिनिटं. याने माणूस मरत नाही.

झोप कमी पडली, झोपेच्या वेळा मोडल्या, उताणं झोपलं की हे जास्त होतं. पहाटे तीनला नळाला पाणी येतं म्हणून उठणारी बाई, रात्रपाळीचा वॉचमन, उजाडायच्या आत झाडू घेऊन निघणारी सफाई कामगार. यांच्या तोंडून हे का ऐकू येतं, ते वेगळं सांगायला नको. पाण्याची वेळ हा आरोग्याचा प्रश्न आहे असं सांगितलं की पुढारी हसतात. हसू देत. आम्ही सांगत राहणार.

दुसरा प्रकार जागेपणीचा. गर्दीत नाहीतर स्वयंपाक करताना एकदम छाती धडधडते, घाम फुटतो, बोटांना मुंग्या येतात, जीव जातोय असं वाटतं. याला पॅनिक अटॅक म्हणतात. साधारण दहा मिनिटांत तो टोकाला जातो, मग ओसरतो. भीतीने श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यातून मुंग्या आणि चक्कर येते. श्वास सावकाश सोडत राहिलं की उतार पडतो.

पण पहिल्यांदाच असं झालं तर ‘पॅनिक असेल’ असं घरी ठरवू नका. छातीवर दाब, जबडा, पाठ किंवा डावा हात दुखणं, घाम, उलटी हे हार्ट अटॅकचंही असतं. बायकांना आणि साखरेच्या पेशंटना कधी कधी फारसं दुखतही नाही, नुसती धाप लागते, गळून जायला होतं. १०८ ला फोन करा, ईसीजी काढा. पुढे हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइडही तपासून घ्या, त्यांच्यामुळेही धडधड होते.

ईसीजी चांगला आला की “काही नाही, नाटक करते” म्हणणारे आम्ही वॉर्डात पुष्कळ पाहिले. ईसीजी चांगला म्हणजे त्या वेळचा ईसीजी चांगला, बाई बरी आहे असा त्याचा अर्थ नाही. पुन्हा पुन्हा होत असेल तर औषध आहे, समुपदेशन आहे. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि भूत काढतो म्हणून कोणी मारलं, डांबून ठेवलं, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

मज्झिम निकायात भयभेरव सुत्त आहे. बोधी मिळण्याआधी रात्री रानात राहताना आपल्यालाही भय वाटे, हे त्यात तथागत स्वतः सांगतात. मोराने काटकी पाडली, वाऱ्याने पाला हलला तरी. भय चालताना आलं तर ते चालतच राहिले, बसले असताना आलं तर बसूनच राहिले, भय ओसरेपर्यंत. पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात हे सुत्त वाचा आणि बायकांना बोलू द्या.

तोवर एवढं करा. दहा बाय दहाच्या खोलीत आपण सगळे शेजारी शेजारी झोपतो. बाजूचं माणूस डोळे उघडे ठेवून ताठ पडलेलं दिसलं, घशातून नुसता हुंकार येत असेल, तर कापूर पेटवू नका. नावाने हाक मारा, खांद्याला हात लावा, कुशीवर वळवा. जाग आली की घोटभर पाणी द्या, आणि काय दिसलं ते विचारा.